मोडीत काढण्याआधी

2025च्या धनत्रयोदशीला चार दिवस उरले होते. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. सकाळी चालत होता तसाच तो संध्याकाळीही चालला, फक्त दर महिन्याला मिळणारी सुरक्षेची डागडुजी संपली. ज्यांनी नोंदणी केली त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, 13 ऑक्टोबर 2026पर्यंतची. त्यापुढे विंडोज 11 घ्या, असा सांगावा. या विंडोज 11च्या अटी कडक आहेत. लॅपटॉपमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास दिसणारा आय-थ्री 7020यू बाजारात आला 2018मध्ये, पण पिढी त्याची सातवी. म्हणजे नापास.

दिवाळीत जुनं काढून नवं आणायची आपली रीत आहेच, त्यामुळे हा मुहूर्त दुकानदारांच्या पथ्यावर पडला. पनवेलमध्ये लॅपटॉप घरात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. सेलमध्ये हप्त्यांवर घेतलेला वीस-बावीस हजारांचा, चार जीबी रॅमचा. नाहीतर ऐरोली-महापेच्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला, सेकंड हँड बाजारात साफसूफ करून विकला जाणारा. आणि तिसरा, दादाला नोकरी लागली म्हणून बहिणीकडे आलेला. तिन्हींचं दुखणं एकच: चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. दुकानात नेलं की निदान दोन वाक्यांत होतं. रॅम वाढवा. नाही वाढत? मग नवा घ्या.

तिसरं वाक्य सहसा कुणी उच्चारत नाही. ते म्हणजे, विंडोज काढून दुसरं काहीतरी टाकून बघा.

हे 'दुसरं काहीतरी' आपल्याला परकं आहे असंही नाही. अनेक मराठी घरांत ते येऊन, कुणी ओळख करून घेण्याआधीच, निघून गेलेलं आहे. गेली पंधरा-वीस वर्षं भारतात स्वस्त लॅपटॉप दोन भावांत मिळत आले, एक 'विंडोजसकट' आणि दुसरा 'डॉसवाला'. दुसरा दोन-चार हजारांनी स्वस्त. या डॉसवाल्यात असायचं फ्रीडॉस, म्हणजे 1994मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातली मोफत प्रणाली, किंवा सरळ उबुंटू लिनक्स. गिऱ्हाइकानं पैसे मोजले की दुकानातलाच पोरगा पेनड्राइव्ह लावून त्यावर फॉरमॅट मारायचा आणि चोरीचं विंडोज टाकून द्यायचा. वर ऑफिसही. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. लिनक्स त्या यंत्रावर जेमतेम शोरूमच्या काउंटरपर्यंत जगलं. पर्यायी प्रणालीची आपल्याकडची खरी कहाणी ही आहे. ती इतकी वर्षं बसवलेली येत होती आणि आपण ती पैसे देऊन काढून घेत होतो.

आपल्या रायगड जिल्ह्यात तर याहून मोठी गोष्ट घडून गेली आहे. 2007च्या ऑक्टोबरात खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप पडले. एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी मांडलेल्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातला हा पहिला प्रयोग. केंद्र सरकारनं आदल्याच वर्षी या योजनेला नकार दिला होता. त्यामुळे प्रयोग सरकारी तिजोरीबाहेरून झाला आणि तो झाला रायगडच्या एका पाड्यावर. त्या एक्सओ नावाच्या यंत्राची ताकद आज ऐकली तर हसू येईल. 433 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, साठवणीला एक जीबी. पडदा साडेसात इंची, पण भर उन्हात वाचता येईल असा. आणि आत फेडोरा लिनक्स, त्यावर मुलांसाठी बांधलेलं 'शुगर' नावाचं रूप. एवढ्याशा रॅममध्ये मुलं चित्रं काढत, फोटो घेत, लिहीत, एकमेकांच्या यंत्रांशी बिनतारी जोडली जात. आज चार जीबी 'पुरत नाही' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा आठवून बघावा. अर्थात तेव्हाची वेबपानं आजच्याइतकी फुगलेली नव्हती, हेही खरं.

पण त्या यंत्राचं पुढे काय झालं, ते जास्त बोलकं आहे. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजावाजा झाला होता, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या घरात गेली. देशोदेशींची सरकारं विचारू लागली, यावर विंडोज चालतं का? मे 2008मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार जाहीर झाला आणि एक्सओवर विंडोज एक्सपी चालवायची सोय आली. यंत्राच्या एक जीबीत एक्सपी मावेना म्हणून वेगळं मेमरी कार्ड लावून. जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या स्वस्त लॅपटॉपवर 'पर्यायी प्रणाली' बसवली गेली, आणि ती पर्यायी प्रणाली होती विंडोज. त्याच सुमाराला आसूसचा ईई पीसी हा चिमुकला लॅपटॉप लिनक्ससकट आला आणि तडाखेबंद खपला. त्यावर मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचं आयुष्य अशा लॅपटॉपांपुरतं वाढवलं आणि दोन वर्षांत तो बाजारही विंडोजकडे गेला. यंत्राला काय झेपतं हा प्रश्न दोन्ही वेळा मागे पडला. सरकारी खरेदीदार काय मागतो आणि पालकाला काय ओळखीचं वाटतं, यावर निकाल लागला.

पवईच्या आयआयटीनं हाच डाव वेगळ्या बाजूनं खेळून पाहिला. आकाश टॅबलेटचं दुसरं रूप तिथल्या गटाच्या देखरेखीखाली झालं आणि नोव्हेंबर 2012मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या त्या टॅबलेटवर पूर्ण लिनक्स चढवण्याचा उद्योगही तिथल्याच मंडळींनी केला. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं चाललेल्या 'फॉसी' प्रकल्पानं पुढे दहा हजारांच्या आसपास किमतीच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून तो विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. त्यांच्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत, आवाजासकट आणि फुकट. पनवेलहून पवई तासा-दीड तासावर. पण हे धडे पाहिलेला विद्यार्थी पनवेलमध्ये शोधावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लिनक्स हा विषय होता, तरी मुलं तो विंडोजच्या पोटात एक खोटा संगणक उभारून शिकायची आणि परीक्षा झाली की पुसून टाकायची.

आता प्रत्यक्ष काम. नवीन पनवेलमध्ये आमच्याच इमारतीत बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीचा लॅपटॉप माझ्यासमोर होता. कंपनीचं नाव कशाला? या भावात सगळ्यांचे सारखेच असतात. साडेअकरा इंची पडदा, सेलेरॉन प्रोसेसर, चार जीबी रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली, म्हणजे वाढण्याचा प्रश्न मिटला. साठवण 64 जीबी, तीही ईएमएमसी, हार्ड डिस्क किंवा एसएसडीपेक्षा वेगळी आणि मोबाइलच्या जातीची. विंडोज, त्याची अपडेटं आणि राखीव जागा यांनीच ती इतकी भरली होती की पुढचं अपडेट उतरायला जागा नव्हती. अपडेट अर्धवट उतरे, अडकून पडे, रात्रभर पंखा फिरवे आणि सकाळी परत पहिल्यापासून.

तिनं आधीच बजावलं, "काका, माझे प्रोजेक्ट गेले ना, तर आई घरात घेणार नाही."

म्हणून पहिलं काम बॅकअपचं. प्रोजेक्ट, फोटो, आधार आणि गुणपत्रिकांच्या पीडीएफ, सगळं बाहेरच्या डिस्कवर. दुसरं काम, जे बहुतेक जण विसरतात: विंडोजनं डिस्क परस्पर कुलूपबंद करून ठेवली आहे का ते पाहणं. अलीकडच्या लॅपटॉपांत बिटलॉकरचं हे कुलूप मालकाला न विचारता लागलेलं असतं आणि त्याची लांबलचक किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडून असते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर ही किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर विंडोज पुन्हा उघडताना ती मागेल आणि तुम्ही हात चोळत बसाल.

प्रणाली निवडली लिनक्स मिंट, एक्सएफसीई हे हलकं रूप. क्लेमाँ लफेव्र यांनी 2006मध्ये सुरू केलेलं मिंट उबुंटूच्या पायावर उभं आहे आणि त्याची बाविसावी आवृत्ती 2029पर्यंत अपडेट मिळवत राहणार आहे. विंडोज वापरलेल्या माणसाला ते बिचकवत नाही, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. कागदोपत्री त्याला दोन जीबी रॅम पुरते; चार असेल तर सुखानं चालतं. तीनेक जीबीची फाइल उतरवून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. लॅपटॉप चालू होताना एक ठरावीक बटण दाबत राहायचं असतं. कुठे एफ 2, कुठे एफ 12, कुठे एस्केप, आणि कंपन्यांचं यावर आजतागायत एकमत नाही. त्यातून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच चालू होतं, लॅपटॉपच्या डिस्कला हातही न लावता. हीच यातली सगळ्यांत भली गोष्ट. वापरून बघा, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा. विंडोज होतं तिथेच असतं.

पेनड्राइव्हवरून मिंट आलं, पण वायफाय आलं नाही. स्वस्त लॅपटॉपची इथे नेहमीच ठेच लागते. कंपनी त्या त्या महिन्यात जी चिप स्वस्त मिळेल ती बसवते आणि तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये असेलच याची हमी नसते. 2014-16च्या सुमाराला आलेल्या अॅटम प्रोसेसरच्या लॅपटॉपांनी याबाबत फार छळलं. मुंबईच्या आयबॉलनं 2016मध्ये 9,999 रुपयांना कॉम्पबुक आणलं, त्या पिढीची ही यंत्रं. प्रोसेसर 64 बिटांचा, पण त्याला उठवणारं फर्मवेअर अनेक यंत्रांत 32 बिटांचं. साहजिकच नेहमीचा पेनड्राइव्ह लावला की यंत्राला तो दिसतच नाही. डेबियननं 2015मध्ये आठव्या आवृत्तीपासून अशा मिश्र यंत्रांसाठी वेगळी सोय केली. त्यांतल्या अनेकांत बसवलेल्या रिअलटेकच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात यायला 2017 उजाडलं. तोवर लोकांनी कंटाळून ती यंत्रं माळ्यावर टाकली होती. ती अजून तिथे असतील तर खाली काढायला हरकत नाही. मधल्या काळात कुणीतरी, कुठेतरी, बिनपगारी त्यांची दुखणी दूर केलेली आहेत.

आमच्या लॅपटॉपला उपाय सोपा निघाला. मोबाइल केबलनं जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, लगेच इंटरनेट मिळालं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरनं चिप ओळखली, ड्रायव्हर उतरवला. मग डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल'. भाषांच्या यादीत मराठी आहे. नकाशावर टाइमझोन विचारला जातो. तुम्ही थेट पनवेलवर टिचकी मारली तरी खाली उमटतं 'कोलकाता'. मुंबईकरांनी मनाला लावून घेऊ नये. शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा: विंडोजच्या शेजारी राहायचं, की डिस्क पूर्ण पुसायची? 64 जीबीत दोन बिऱ्हाडं होत नाहीत. पुसली.

लॅपटॉप परत चालू झाला तेव्हा काहीही न उघडता रॅम जेमतेम एक जीबीच्या आसपास वापरली जात होती. फायरफॉक्स, यूट्यूब, कॉलेजचं पोर्टल, सगळं चाललं. पंखाही निवला. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले तर तो रांगतोच, तिथे कोणतीही प्रणाली चमत्कार करत नाही.

पण तिचा पहिला प्रश्न होता, "काका, एक्सेल कुठाय? आणि टॅली?"

हे कुंपण ओलांडणं कठीण आहे. एक्सेलच्या जागी लिबरऑफिसचं कॅल्क आहे. बेरजा-वजाबाक्या, सूत्रं, आलेख सगळं होतं. पण कॉलेजच्या प्रात्यक्षिकात मेनू एक्सेलचे विचारतात. ब्राउझरमधलं फुकट एक्सेल त्यापुरतं चालवून घेता येतं. टॅलीला मात्र पर्याय नाही. पनवेलच्या वाणिज्य शाखेच्या मुलाला पहिली नोकरी मिळते ती 'टॅली येतं का' या प्रश्नावर आणि टॅली विंडोजचं आहे. आडवळणानं लिनक्सवर चालवणारे आहेत, पण नोकरीच्या तयारीला आडवळण नको. तिला सांगितलं, टॅली क्लासच्या संगणकावर कर, बाकी आयुष्य यावर काढ. तिला ते पटलं की तिनं माझं मन राखलं, कोण जाणे.

प्रिंटरचीही हीच तऱ्हा. आपल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर कॅननचा एलबीपी 2900 वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. मजबूत आणि स्वस्त, टोनर कुठेही भरून मिळतो. तो कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो आणि ती लिनक्सला शिकवणं म्हणजे अजूनही डोकेदुखी. त्याउलट एचपीचे बरेचसे प्रिंटर केबल लावताच चालू होतात. विद्यार्थ्याचं यात काही अडत नाही, कारण तो पीडीएफ व्हॉट्‌सअॅपवर झेरॉक्सवाल्यालाच पाठवतो. ऑफिसचं अडतं.

आणि मराठी? युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्याला इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, दोन्ही कीबोर्ड मिळतात. वर्डची मंगल फाँटमधली फाइल उघडली की मंगलच्या जागी दुसरा फाँट येतो, ओळी सरकतात, एका पानाचं सव्वा पान होतं. खरी अडचण डीटीपीवाल्यांची. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, जाहीरनामे छापणाऱ्या दुकानांचा वर्षानुवर्षांचा ऐवज श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत आहे. तो विंडोजबाहेर गचाळ अक्षरं होऊन उमटतो. गंमत अशी की श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची आणि लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी दाखवणारे लोहित फाँटही मुळात त्याच कंपनीकडचे, रेड हॅटनं 2004मध्ये सर्वांसाठी खुले केलेले. एकाच घरातून एक साखळी निघाली आणि एक किल्लीही.

या अडचणी यंत्रातल्या नाहीत. परीक्षा, नोकऱ्या आणि छापखाने यांनी घातलेल्या आहेत, आणि त्या सुटतात कशा ते केरळात दिसतं. तिथल्या सरकारी शाळांत 'काइट' ही सरकारी संस्था स्वतःचं उबुंटूवर आधारलेलं लिनक्स देते आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावरच होते. परीक्षा तिकडे वळली म्हणून शिक्षक वळले, शिक्षक वळले म्हणून दुकानदार वळले. गोव्यातही 2001च्या सुमाराला परदेशातून वापरलेले संगणक जहाजानं शाळांसाठी आणले गेले, तेव्हा परवान्यांचा खर्च परवडेना म्हणून त्यांवर लिनक्स चढवलं होतं. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीनं लाखो लोकांना माऊस हातात धरायला शिकवलं, ते काम लहान नाही. पण संगणक म्हणजे विंडोज, वर्ड आणि एक्सेल, हे समीकरणही तिथेच पक्कं झालं. सीडॅकचं मुख्यालय पुण्यात. त्याच सीडॅकच्या चेन्नई केंद्रानं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स 2007च्या सुमाराला काढलं. आपल्या तालुक्यातल्या किती कार्यालयांत ते पाहिलंत?

तरीही पनवेलमध्ये लिनक्स नाही असं म्हणता येणार नाही. हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टाचं एनएम-1 हे प्रचंड डेटा सेंटर 2020च्या जुलैपासून चालू आहे. असल्या केंद्रांतल्या सर्व्हरांवर बहुतांशी लिनक्सच असतं. जगातले सगळ्यांत वेगवान 500 महासंगणक तर नोव्हेंबर 2017पासून एकूण एक लिनक्सवर आहेत. हार्बर लाइनच्या डब्यात मान खाली घालून बसलेल्या प्रत्येक अँड्रॉइडवाल्याच्या हातात, फिनलंडच्या लिनस टॉरव्हॉल्ड्‌सनं 1991मध्ये विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला तोच गाभा आहे. 'आपल्याला नाही जमणार' हे वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. रोज जमतंय.

माझं मत सरळ आहे. करसल्लागार, टॅलीवर जगणारा, डीटीपीवाला, डिजिटल सहीची किल्ली रोज लावणारा, यांनी या भानगडीत पडू नये. जुनं यंत्र बदलायचं तर बदलावं. ज्यांचं काम ब्राउझर, पीडीएफ, थोडं लिखाण आणि सिनेमा यांपलीकडे जात नाही, म्हणजे बहुतेक विद्यार्थी, गृहिणी आणि पेन्शनर, त्यांनी विंडोज 10च्या मुदतीपायी वीस हजार रुपये घालवू नयेत. महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या संगणककक्षांना तर हे आधी लागू आहे.

आणि नवा घ्यायचाच झाला, तर सेलमधला चार जीबीचा सेलेरॉन टाळा. त्याच पैशात किंवा कमीत, कंपन्यांनी काढलेला सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप मिळतो. विंडोज 11ला नको असल्यामुळे तो आणखी स्वस्त झाला आहे. त्याची रॅम बहुधा वाढवता येते, कीबोर्ड दणकट असतो आणि लिनक्सशी त्याचं जुनं सख्य आहे. दुकानात जाताना खिशात मिंटचा पेनड्राइव्ह ठेवा. लॅपटॉप त्यावरून चालू करा, वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा उघडतो का, प्रत्येक बटण उमटतं का आणि बॅटरी किती उरली आहे, एवढं तिथेच उभ्या उभ्या पाहा. दहा मिनिटं लागतात आणि दुकानदाराच्या डिस्कला ओरखडाही येत नाही. तो हे करू देत नसेल तर पैसे खिशातच राहू द्या आणि पुढच्या दुकानात जा.